टेक्निक्स १२१० एमके२: कानाने मिक्सिंग शिकायचं असेल तर

टेक्निक्स एसएल-१२१० एमके२ या टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रावर, स्क्रीन नाही. गाण्याचा वेग किती, दोन गाणी जुळली की नाही, पुढचा ठोका कधी येणार, यातलं काहीही ते सांगत नाही. ठरवून दिलेल्या वेगाने फिरत राहायचं, एवढं एकच काम ते करतं. माझ्याकडे याची जोडी येऊन वर्ष उलटून गेलं. तिच्यावर मी शून्यापासून रेकॉर्ड मिक्स करायला, म्हणजे चालू गाण्याच्या ठोक्यात दुसरं गाणं मिसळायला, शिकले, अजूनही शिकतेय. ज्यांना खरोखर कानाने मिक्सिंग शिकायचंय त्यांनी थोडं थांबून, पैसे साठवून हीच जोडी घ्यावी असं माझं ठाम मत झालंय.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द, कारण मत कुठून आलंय ते वाचणाऱ्याला कळायला हवं. मी पुण्यात सिंहगड रोडला राहते, औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. क्लब आणि पार्ट्यांशी माझा फारसा संबंध नाही. पण लहानपणी घरात तबला होता. दादा तबला शिकायचा आणि त्याच्या रियाजाला पेटीवर लेहरा धरायचं काम माझ्याकडे असायचं. त्रितालाच्या सोळा मात्रांत बसलेली एकच सुरावट, तासन्‌तास. दादा कायदा वाजवो, रेला वाजवो, तिहाई घेऊन तो समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, उतरेल तेव्हा सम जागच्या जागी सापडली पाहिजे. तो रंगात आला की लेहराही त्याच्यामागे धावायला बघतो. तसं होऊ द्यायचं नाही, हीच पेटीवाल्याची सगळी विद्या. डीजे एका कानावर हेडफोन धरून पुढचं गाणं चालू गाण्याशी जुळवत असतो हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा वाटलं, अरे, हे तर आपल्याला थोडंफार येतं.

आता यंत्राकडे वळते. टर्नटेबल दोन जातींची असतात. एका जातीत मोटर बाजूला असते आणि रबरी पट्ट्याने प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची गोल थाळी, फिरवते. दुसरीत मोटर थेट प्लॅटरखाली बसवलेली असते, तिला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या नावाखाली १९७० साली एसपी-१० हे जगातलं पहिलं डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल आणलं. १९७२ साली आलेलं एसएल-१२०० हे त्याच वाटेवरचं, पण घरी बसून निवांत गाणी ऐकणाऱ्यांसाठी केलेलं. क्लबमधल्या लोकांनी ते उचललं, कारण पट्ट्याच्या यंत्रावर रेकॉर्ड हाताने धरली की पट्टा ताणतो, घसरतो आणि सोडल्यावर वेग लगेच सावरत नाही. यात तो प्रश्नच नाही. मग १९७९ साली एमके२ आलं आणि त्यात उजव्या हाताला वर-खाली सरकणारी पिचची, म्हणजे वेग कमी-जास्त करायची, पट्टी आली: अधिक-उणे ८ टक्के. मोटरच्या वेगावर क्वार्ट्झ स्फटिकाची देखरेख आली. चांदी रंगाचं ते १२०० आणि काळं ते १२१०, आतलं यंत्र तेच. पुढची तीस वर्षं ही घडण जवळजवळ न बदलता चालली. २०१० साली उत्पादन थांबलं, २०१६ साली टेक्निक्स नव्या महागड्या मॉडेलांसह परत आलं आणि २०१९ साली डीजे लोकांसाठी एमके७ आलं. त्याबद्दल पुढे लिहिते.

एमके२चं स्टार्टचं बटण दाबलं की प्लॅटर ०.७ सेकंदात पूर्ण वेगावर येतो. वाचताना हा आकडा किरकोळ वाटेल, पण शिकणाऱ्याच्या हाताला तो लगेच जाणवतो. मी रेकॉर्ड बोटांनी थोपवून धरते, खाली प्लॅटर फिरतच असतो, मधे फेल्टची पातळ, घसरणारी चकती, तिला स्लिपमॅट म्हणतात. पहिला ठोका सुईखाली मागे-पुढे घोळवायचा, चालू गाण्याची सम येते त्या क्षणी बोटं उचलायची. रेकॉर्ड तिथल्या तिथे वेग घेते. एकदा माझ्या एका परिचितांच्या घरी पट्ट्याच्या साध्या टर्नटेबलवर हेच करून पाहिलं. दर वेळी गाणं आधी आळोखेपिळोखे देत उठलं आणि मग चालू लागलं. अशा यंत्रावर शिकणाऱ्याला कधीच कळत नाही की उशीर आपल्या बोटांचा की मोटरचा. १२१० वर ती शंका राहत नाही. ठोका मागे पडला तर बोटं उशिरा उठली, एवढाच अर्थ.

आणि माझ्या लेखी या यंत्राचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे. ते इतकं स्थिर आहे की जे काही बिघडतं ते आपल्याच हाताने नाही तर कानाने बिघडलेलं असतं. शिकायला याहून चांगली जागा नाही.

बीट जुळवणं म्हणजे नेमकं काय, ते आकड्यांत सांगते. पहिलं गाणं मिनिटाला १२४ ठोक्यांचं आहे, दुसरं १२० चं. दुसऱ्याची पिच सव्वातीन टक्क्यांच्या जरा वर नेली की दोन्ही सारखी झाली पाहिजेत. ८ टक्क्यांचा पल्ला म्हणजे १२० चं गाणं ११०.४ पासून १२९.६ पर्यंत कुठेही नेता येतं. इथपर्यंत सोपं. पण समजा पट्टी ०.१ टक्का इकडेतिकडे राहिली. १२० च्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, तर मिनिटभरात दोन्ही गाण्यांमध्ये ६० मिलिसेकंदांची फट पडते. दोन बास ड्रम एकमेकांवर चढून ‘धड्‌’ ऐवजी ‘धधड्‌’ ऐकू येतो. आणि पट्टीवर ०.१ टक्का म्हणजे मिलिमीटरहून कमी अंतर. डोळ्यांनी हे होणारच नाही. कानाने ओळखायचं, बोटाच्या पेराने पट्टी हलकेच ढकलायची, पुन्हा ऐकायचं.

सुरुवातीला मला ‘धधड्‌’ ऐकू यायला लागला, पण कोण पुढे पळतंय आणि कोण मागे पडतंय ते कळेना. जवळजवळ प्रत्येक शिकणारा इथे अडतो. यावरचा उपाय माझ्या सरावातून सापडला आणि तो नव्यांना आवर्जून सांगते: कळत नसेल तर एक बाजू धरून करून बघायचं. हेडफोनमधल्या रेकॉर्डचा वेग स्पिंडलला, म्हणजे मधल्या खुंटीला, चिमटीत धरून किंचित वाढवायचा. गोंधळ वाढला तर ती आधीच पुढे होती. गोंधळ मिटला तर ती मागे होती, मग पट्टी थोडी वर. हळू करायचं असेल तर प्लॅटरच्या कडेला बोट नुसतं टेकवायचं. हे शंभरदा केलं की एक दिवस विचार न करता हात बरोबर बाजूला जातो.

दुसरा सराव त्याहून उपयोगी. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घ्यायच्या. एका यंत्राची पिच मनाला येईल तिथे ठेवायची, पट्टीच्या आकड्यांवर कागद झाकायचा, आणि दुसऱ्या यंत्रावरची तीच रेकॉर्ड तिच्याशी जुळवायची. सूर तोच, ठोका तोच, त्यामुळे फरक फक्त वेगाचा उरतो. जुळत आलं की आवाज विचित्र पोकळ होतो, एखाद्या नळीतून आल्यासारखा, आणि अगदी जुळलं की दोन रेकॉर्डची एक होते. कान तयार करायला इतकी साफ परीक्षा दुसरी नाही. दोन प्रती विकत घेणं उधळेपणा वाटेल. मला वाटला नाही.

रेकॉर्ड ३३⅓ च्या वेगाने फिरते म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. यातून एक छान गोष्ट निघते. गाणं मिनिटाला १०० ठोक्यांचं असेल तर एका फेऱ्यात बरोबर तीन ठोके बसतात, १३३ च्या आसपास असेल तर चार. मी लेबलवर छोटा स्टिकर लावते, समेच्या जागी. रेकॉर्ड फिरताना तो स्टिकर कुठे आला की कितवा ठोका, हे काही दिवसांत पाठ होतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ग्रँडमास्टर फ्लॅशने १९७० च्या दशकात रेकॉर्डवर मेणखडूच्या खुणा करून घड्याळाच्या काट्यासारखी जागा ओळखायची पद्धत बसवली होती. माझा स्टिकर त्याच वंशातला. एक वेगाची युक्तीही सांगते: ३३ ची रेकॉर्ड ४५ वर लावली की वेग ३५ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ९० चं गाणं १२१ च्या पुढे जातं. गाणाऱ्याचा आवाज अर्थातच चिरका होतो, पण नुसत्या वाद्यांच्या तुकड्यांना त्यातून कधीकधी वेगळीच झळाळी येते.

माझी भाची डीजे आहे, लग्नांत आणि कॉलेजच्या कार्यक्रमांत वाजवते. तिच्याकडे पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ कंट्रोलर आहे. मी रेकॉर्डशी झटत बसलेली बघून ती म्हणायची, “मावशी, सिंक दाब ना, एका सेकंदात जुळतं.” तिचं खरं आहे. कंट्रोलर लॅपटॉपला किंवा फोनला जोडला की गाण्याचा वेग आकड्यात दिसतो, आवाजाच्या लाटा रंगात दिसतात, सिंकचं बटण दाबलं की दोन्ही जुळतात. वजन दोन किलोच्या आसपास, पाठीवरच्या पिशवीत मावतो. हळदीच्या कार्यक्रमात कोणीतरी येऊन “ते गाणं लावा” म्हणतं तेव्हा ते गाणं तिच्याकडे असतं, माझ्याकडे नसतं. पैसे कमवायला डीजे व्हायचं असेल तर तोच रस्ता, मी स्वतः तिला तेच सांगेन.

पण एका रविवारी ती माझ्याकडे आली आणि १२१० वर बसली. पहिला तास तिचे डोळे सारखे इकडेतिकडे काहीतरी शोधत होते, लाटा बघायची सवय. मग मी खोलीतला दिवा घालवला. संध्याकाळपर्यंत तिने हाउसच्या, म्हणजे क्लबमधल्या नाचाच्या संगीताच्या, दोन रेकॉर्ड मिनिटभर एकत्र धरल्या. तिला ताल उत्तम कळतो, फक्त ते काम कानाला कधी करावंच लागलं नव्हतं. आता महिन्यातून एखाददा ती सरावाला येते आणि कंट्रोलरवरही सिंक बंद ठेवून वाजवते. मला फार बरं वाटतं.

कोणत्या रेकॉर्डवर शिकायचं, हा प्रश्न यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. आपल्याकडे हिंदी चित्रपटांच्या जुन्या एलपी सहज मिळतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी ढिगाने पडलेल्या असतात, मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर असतात. मोह होतो की याच घेऊन शिकावं. सुरुवातीला हे करू नये. १९७० च्या दशकातलं गाणं माणसांनी वाजवलेलं आहे: तबला, ढोलक, बाँगो, ड्रम, समोर पन्नास-साठ व्हायोलिन. अंतऱ्याला लय चढते, मुखड्यावर परतताना बसते. ऐकताना ते सुंदर लागतं, पण दुसरं गाणं त्याच्याशी बांधून ठेवायचं तर सतत बोट प्लॅटरवर हवं. दादाच्या मागे धावणाऱ्या लेहऱ्याची मला आठवण झाली. फरक एवढाच, की इथे गाण्याला थांबवता येत नाही, आपणच त्याच्याबरोबर जायचं.

म्हणून आरंभ यंत्राच्या ठेक्यावर करावा. रोलँडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन, म्हणजे आपोआप ठेका वाजवणारं यंत्र, १९८० साली आलं, ९०९ हे १९८३ साली, आणि त्यानंतरच्या शिकागो-डेट्रॉइटच्या हाउस आणि टेक्नो रेकॉर्डमध्ये लय पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत हलत नाही. शिवाय त्या बारा इंची सिंगल डीजेसाठीच बनवलेल्या असतात. सुरुवातीला आणि शेवटी नुसता ठेका, त्यातच आत शिरायचं आणि बाहेर पडायचं. खाच रुंद असल्याने आवाजही मोठा. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं कोंबलेली असतात, तिचा आवाज बारीक, तेव्हा मिक्सरवर, म्हणजे दोन्हींचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावर, गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) वाढवायचं लक्षात ठेवावं लागतं.

या संगीतात ठोके चार-चारच्या गटांत आणि ते गट आठ-आठच्या घरात बसतात. बत्तीस ठोक्यांनी काहीतरी बदलतं: झांज येते, बास जातो, सुरावट सुरू होते. त्रितालात वाढलेल्या माणसाला हे आवर्तन मोजावं लागत नाही, ते आतून येतं. ज्यांचं तबला, पखवाज, ढोलकी, अगदी शाळेतल्या लेझीमच्या तालीमशीही नातं आहे त्यांनी हा फायदा ओळखावा. बीट नुसता जुळून उपयोग नाही, सम समेवर पडली पाहिजे. नाहीतर दोन्ही गाणी एकाच वेगाने चालतात आणि तरी कानाला बोचतात.

माझ्या संग्रहातली माझी सगळ्यात लाडकी मिक्सिंगची रेकॉर्ड मात्र मुंबईची आहे. चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतातले वादक. त्यांनी १९८२ साली रोलँडचं टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही इलेक्ट्रॉनिक वाद्यं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. त्या वेळी ती तबकडी कोणी फारशी उचलली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या लोकांनी कान टवकारले, कारण ३०३ चा तो चिकट, वळणारा आवाज शिकागोत ॲसिड हाउस या हाउसच्याच प्रकारात यायच्या आधीच इथे वाजला होता. ठेका मशीनचा, त्यामुळे जुळवायला सरळ. एका बाजूला शिकागोची रेकॉर्ड, दुसऱ्या बाजूला भैरव, आणि मधे फेडर, म्हणजे एकाचा आवाज उतरवून दुसऱ्याचा चढवायची पट्टी. दोन्हींचा षड्ज जवळ आला तरच हे चालतं, कारण पिच वाढवली की वेगाबरोबर सूरही चढतो. ६ टक्के म्हणजे जवळजवळ एक अर्धस्वर. पेटीवाल्यांना हे लगेच कळेल: जुळवताना फक्त लय बघून चालत नाही, गाणं कोणत्या सुरात जाऊन बसलं तेही बघायचं. यासाठी मी रेकॉर्डच्या पाकिटावर पेन्सिलीने शून्य पिचला असलेला वेग आणि सूर लिहून ठेवते.

आता खरेदीबद्दल. एमके२ नवं मिळत नाही, वापरलेलंच घ्यावं लागतं. माझी जोडी मावसभावाने लंडनहून एकेक करून आणली. एकाचं वजन साडेबारा किलो, तेव्हा सामानाचं गणित आधी करावं. आणताना प्लॅटर काढून वेगळा गुंडाळायचा, टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं, मागचं वजन आणि पुढचं सुई बसवायचं हेडशेल काढायचं, आर्म बांधायचा. असं न करता पाठवलेली यंत्रं आर्म वाकून पोचतात. जोडीला लाखाच्या वर पैसे गेले, मिक्सर आणि सुया वेगळ्या. रक्कम मोठी आहे, पण वापरलेली १२१० विकायला काढली की जवळपास तितकेच पैसे परत येतात, असं मी ही यंत्रं घेणाऱ्या-विकणाऱ्यांकडून ऐकत आलेय आणि बाजारातले भाव बघून ते पटतं.

विजेचं नीट बघा. ब्रिटन-युरोपातलं यंत्र आपल्या २३० व्होल्टवर चालतं. जपानच्या देशांतर्गत बाजारातलं १०० व्होल्टचं, अमेरिकेतलं १२० चं. ते सरळ आपल्या सॉकेटला लावलं की आतला ट्रान्सफॉर्मर जातो. जपानमधून स्वस्तात दिसलेलं यंत्र घेताना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरची किंमत धरूनच हिशोब करावा.

घ्यायच्या आधी काय तपासायचं? प्लॅटरच्या कडेला ठिपक्यांच्या चार ओळी असतात आणि पॉवरच्या खटक्याखाली लाल दिवा. पिच शून्यावर ठेवून मोठ्या ठिपक्यांची ओळ बघायची. ती एका जागी उभी दिसली पाहिजे, जराही सरकता कामा नये. शून्यावर पट्टीजवळचा हिरवा दिवा लागतो. मग पट्टी हळूहळू टोकापर्यंत न्यायची, वेग सलग बदलतो की मधेच उडी मारतो ते पाहायचं. उडी मारत असेल तर आत धूळ आहे, साफ करून बऱ्याचदा भागतं. टोनआर्म दोन बोटांत धरून हलवायचा, सांध्यात खुळखुळ जाणवली तर तिथून उठायचं, कारण ती दुरुस्ती महागाची. मागून निघणाऱ्या आवाजाच्या तारा यंत्रातच डाख देऊन जोडलेल्या असतात, जुन्या यंत्रात हमखास झिजतात. माझ्या एका यंत्राचा डावा आवाज मधूनच जायचा. तुळशीबागेजवळ जुने अँप्लिफायर दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांनी अर्ध्या तासात नवी तार टाकून दिली. यंत्र उघडल्यावर ते म्हणाले, “ताई, हे दुरुस्त करायलाच बनवलंय.” आतली रचना बघून मलाही पटलं: मोकळी जागा, नीट लावलेले स्क्रू, सुटे भाग अजून मिळतात.

घरी मांडणं. १२१० चा पाया जड रबराचा आहे, तरी स्पीकर त्याच टेबलावर असतील तर बासचा हादरा सुईत शिरतो आणि घुमायला लागतं. मी सुताराकडून बनवलेल्या जाड टेबलावर कडप्प्याची फरशी टाकली आणि त्यावर दोन्ही यंत्रं ठेवली. घुमणं गेलं. प्रत्येक टर्नटेबलमधून आवाजाच्या तारांबरोबर एक बारीक अर्थिंगची तार येते, ती मिक्सरच्या मागच्या स्क्रूला आवळायची. ती सुटी राहिली की पन्नास हर्ट्झची गुणगुण सुरू. मिक्सरला फोनो इनपुट असलेच पाहिजेत, कारण सुईतून येणारा आवाज काही मिलिव्होल्टचाच असतो आणि रेकॉर्डवर बास मुद्दाम कमी करून कोरलेला असतो. फोनो इनपुट तो पुन्हा भरून काढतं. मी ॲलन अँड हीथचा छोटा झोन २३ वापरते. त्यातली बास-मधला-ट्रेबलची बटणं आवाज पूर्ण शून्यावर नेतात. दोन गाण्यांचे बास एकत्र वाजू द्यायचे नाहीत, एकाचा उतरवताना दुसऱ्याचा चढवायचा, हे शिकायला ती फार सोयीची पडतात.

सुईसाठी ऑर्टोफोन काँकॉर्ड मिक्स एमके२, सुईवरचं वजन ३ ग्रॅमवर. घरी ऐकायच्या नाजूक सुया दीड-दोन ग्रॅमवर चालतात, पण रेकॉर्ड मागे-पुढे घोळवताना त्या उडतात आणि लवकर मोडतात. उलट, ३ ग्रॅमची सुई समेच्या जागी पुन्हापुन्हा घासली की तिथे खरखर येते. घरातल्या दुर्मीळ तबकड्या सरावाला काढू नका. पावसाळ्यात रेकॉर्डवर बुरशी धरते, तेव्हा कार्बन ब्रश रोज फिरवायचा, पाकिटं भिंतीला चिकटवून ठेवायची नाहीत.

यंत्रात कमी काय आहे तेही सांगायला हवं. पिचच्या पट्टीला शून्यावर खटका आहे. नेमका वेग शून्याच्या अगदी जवळ लागतो तेव्हा हा खटका बोटाला ओढून घेतो आणि तिथे बारीक जुळवणी अवघड जाते. शिकताना मी अशा जोड्या टाळून दोन्ही रेकॉर्ड २-३ टक्के वर नेऊन वाजवते. दुसरं, यावर ७८ चा वेग नाही. आजोबांच्या नाट्यसंगीताच्या जुन्या लाखेच्या तबकड्या मला यावर ऐकता आल्या नाहीत, आणि त्यांना सुईही वेगळी, रुंद लागते. घरात अशा तबकड्या असतील आणि त्याही वाजवायच्या असतील तर एमके७ बघा. त्यात ७८ आहे, शून्यावर खटका नाही, पिच १६ टक्क्यांपर्यंत जाते, तारा मागून काढता-लावता येतात, वजनही कमी. नवं आणि वॉरंटीसह हवं असेल, दुरुस्तीची कटकट नको असेल तर तेच घ्यावं. हाताखाली मला एमके२ जास्त भरीव वाटतं, पण पहिल्या वर्षी शिकणाऱ्याला या फरकाने काही अडणार नाही.

बजेट लहान असेल तर ऑडिओ-टेक्निकाचं एटी-एलपी१२०एक्स हे डायरेक्ट ड्राइव्ह यंत्र आहे, पिचची पट्टी आहे, ७८ आहे. माहीमच्या एका मित्राकडे मी त्यावर वाजवलंय. मोटरची ओढ टेक्निक्सपेक्षा कमी, रेकॉर्ड धरून ठेवली की प्लॅटर थोडा दमतो, पण बीट जुळवायला शिकता येतं. पट्ट्याचं स्वस्त यंत्र मात्र मिक्सिंगसाठी घेऊच नका, त्याहून एकच १२१० घ्या आणि दुसऱ्या बाजूला फोनवरचं गाणं मिक्सरला लावून सराव करा. फोनवरच्या गाण्याचा वेग बदलत नाही, जुळवायचं सगळं काम रेकॉर्डवरच्या हाताला करावं लागतं. दुसरं यंत्र येईपर्यंत मी कित्येक आठवडे असंच शिकत होते.